पाणी पिणारा रस्ता

जव्हार
१२ सप्टेंबर २०२४

सपनाच्या बाबांना,

तुमचा पत्ता पंकजने दिला. त्याच्यावर चिडू नका. तो देत नव्हता. मीच त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि गिऱ्हाइकं आली तरी उठले नाही, तेव्हा त्याने एका पावतीच्या मागे लिहून दिला. सेलवासला कुठल्याशा कंपनीच्या शेडचं काम चालू आहे आणि तुम्ही तिथे साइटवरच राहता, एवढंच म्हणाला. फोन बंद ठेवला आहे तर ठेवा. पत्र बंद करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

का गेलात हे विचारत नाही. न सांगता का गेलात, ते कधीतरी विचारीन. त्या दिवशी मी जामसरला शाळेत जायला निघाले तेव्हा तुम्ही दाढी करत होता. संध्याकाळी आले तर दोरीवर फक्त माझे आणि सपनाचे कपडे होते.

सपना बरी आहे. अभ्यास करते. पाऊस आहे, पण जोर गेला.

गोजाबाईंचं तेरावं झालं. मी तांदळाच्या भाकऱ्या करून नेल्या. देवजीच्या गौराने त्या दारातच घेतल्या आणि ओट्यावर ठेवून दिल्या. मी वळून आळीच्या तोंडाशी आले तरी त्या तिथेच होत्या. मग कोंबड्या आल्या. देवजी घरातच होता, त्याचा खोकला ऐकू येत होता. बाहेर आला नाही.

देवजी आता माझ्यासाठी जीप थांबवत नाही. मी नाक्यावर उभी असते, तो समोरून जातो. मागची सीट रिकामी असली तरी जातो. मी एसटीने जाते. ती उशिरा येते आणि तोवर मुलं व्हरांड्यात बसून राहतात. मला त्याचा राग येत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत घरामागची दगडी भिंत आईवर पडली, त्याने कोणासाठी गाडी थांबवावी हे मी कोण सांगणार.

मागच्या आठवड्यात चौकशीचे साहेब आले होते. खालच्या आळीत भर रस्त्यात खुर्ची टाकून बसले. तुम्ही नव्हता म्हणून मला बोलावलं. त्यांनी विचारलं, "बाई, हा रस्ता काय प्रकार आहे?" मी जे सांगितलं ते तुम्हाला लिहिते. कुठे चुकलं असेल तर कळवा.

मी म्हटलं, आमचं गाव डोंगरावर. पाऊस एवढा, की चार महिने भिंती घाम गाळतात. पण गल्ल्या सगळ्या काँक्रीटच्या झाल्या, तेव्हापासून पाणी थांबत नाही. वरच्या आळीचं पाणी खालच्या आळीत घरांत शिरतं आणि तसंच दरीत जातं. मे महिन्यात त्याच गावाला टँकर लागतो. म्हणून यांनी, म्हणजे तुम्ही, बांधकाम कार्यालयात कंत्राटी इंजिनियर होता तेव्हा मागे लागून एवढी एक आळी वेगळी करून घेतली. दोन ब्लॉकच्या मध्ये फट ठेवली, फटीत सिमेंट नाही, बारीक खडी. त्याच्याखाली आणखी खडी, मोठी, त्याच्याखाली त्याहून मोठी. पाऊस पडला की पाणी फटीतून खाली जातं, खडीत थांबतं आणि पाइपाने हळूहळू आळीच्या विहिरीकडे जातं. पहिल्या वर्षी आळीतली पोरं बादल्या घेऊन यायची, रस्त्यावर ओतायची आणि पाणी गेलं कुठे म्हणून वाकून बघायची. गोजाबाई म्हणायच्या, "ह्यो रस्ता पाणी पितो गं. बैलासारखा पितो." त्या वर्षी विहीर मे संपेपर्यंत आटली नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे पाणी मुद्दाम जमिनीत सोडलं."

मी म्हटलं, "हो, पण विहिरीकडे. भिंतीकडे नाही."

त्यांनी माझं अर्धं वाक्य लिहून घेतलं. उरलेल्या अर्ध्याला पेन वरच राहिलं.

मागे माणसं उभी होती. त्यातलं एक जण म्हणालं, "उमेश साहेबाने रस्त्याला पाणी पाजलं आणि देवजीची भिंत फुगली." कोण म्हणालं ते लिहीत नाही. तुम्हाला तो माणूस आवडतो.

त्या दिवसाबद्दल साहेबांनी मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भिंत कोसळली तेव्हा गोजाबाई मागच्या खोलीत चुलीवर पाणी तापवत होत्या, तुम्ही अनवाणी धावलात आणि हातांनी माती उपसत राहिलात, तुमची नखं गेली, हे कागदावर लिहून काय होणार होतं? नखं आली का?

एक ओळ लिहा. मला नको तर सपनाला लिहा.

सुनिता

———

जव्हार
७ नोव्हेंबर २०२४

सपनाच्या बाबांना,

दिवाळी झाली. दादा मोखाड्याहून आले होते, भाऊबीज करून गेले. तुमच्याबद्दल त्यांनी विचारलं. मी म्हटलं साइटवर सुट्टी नाही. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून नागलीचं पीठ काढून दिलं. त्यांना सगळं माहीत आहे, पंकज त्यांच्याशी बोलतो. आम्ही दोघं एकमेकांसमोर खोटं बोलत जेवलो.

दिवाळीआधी मी माळा साफ केला. तुमच्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी जड होतं. मला वाटलं तुमचं एखादं अवजार असेल. उघडलं तर पाइपाचा वीतभर तुकडा. एका तोंडाला सिमेंट भरलेलं, आणि सिमेंटच्या मागे कापडाचा बोळा कोंबलेला. हिरवं कापड, लाल काठ.

ते लुगडं आळीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गोजाबाई ते नेसून ओट्यावर तांदूळ निवडायच्या.

 मग एकेक आठवायला लागलं. मे महिन्यात गोजाबाई माझ्याकडे आल्या होत्या, गुडघ्याला लावायला तेल मागायला. म्हणाल्या, "भिंतीतल्या त्या नळ्यांतून पाणी गळतं, मागची खोली सादळते, माझं हाड न् हाड दुखतं. देवजीला सांगितलंय. तो करतो कायतरी." तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. वरची माती धरणाऱ्या भिंतीमागे पाणी अडकू नये म्हणून त्या नळ्या असतात, हे मला कुठे ठाऊक होतं. तुम्ही घरी रस्त्याबद्दल बोलायचात, भिंतीबद्दल कधी बोलला नव्हता.

म्हणजे देवजीने पावसाआधी नळ्या बुजवल्या. आईला ओल लागू नये म्हणून. आईच्याच जुन्या लुगड्याने.

आणि तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं. लोक गोजाबाईंना उचलून बाहेर आणत होते, तेव्हा तुम्ही दगडांत वाकून काहीतरी उचललं आणि शर्टाखाली धरलं, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं त्यांची पाटली वगैरे असेल, गौराला द्याल. तुम्ही ते घरी आणलंत, माळ्यावर ठेवलंत, कोणाला एक अक्षर बोलला नाहीत, कंत्राट संपलं असं कार्यालयाने कळवल्यावर भांडला नाहीत, आणि सेलवासची गाडी पकडलीत.

मला हे कळायला दिवाळी यावी लागली. तुम्ही मला सांगितलं असतं तर मी कोणाला बोलले असते असं वाटलं का?

रस्त्याचं तर मला आधीपासून माहीत आहे. वरच्या वळणावर रस्ता रुंद करायला डोंगर कापला आणि सगळी लाल माती कडेला ढीग करून ठेवली. जूनमध्ये ती खाली यायला लागली. तुम्ही रोज सकाळी खराटा घेऊन फटी झाडायचात, मी शाळेला निघताना तुमच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत लाल चिखल असायचा. कार्यालयात अर्ज दिलात, माती उचला म्हणून. पावसाळ्यात गाडी कशी लावणार, असं उत्तर आलं. फटी भरल्या. मग पाणी खाली जाईना, वरूनच वाहत गेलं आणि आळीच्या वळणावर भिंतीच्या पाठीमागे उतरलं. तिथून बाहेर पडायला नळ्याच नव्हत्या. एवढं मला समजतं. मी सहावीला विज्ञान शिकवते.

आता मी काय करू ते सांगा. हा तुकडा साहेबांना दाखवला तर तुमचं नाव सुटेल. पण मग देवजीला कळेल. आज त्याला वाटतं, आपली आई एका इंजिनियरच्या खुळापायी गेली. ते वाटणं त्याला सोसतं आहे, गाडी चालवतो, जेवतो. हे दुसरं त्याला सोसेल का?

एका शब्दात कळवा. दाखवू, की नको. कार्डावर लिहिलंत तरी चालेल, पोस्टमनने वाचलं तरी त्याला काय कळणार आहे.

तुकडा मी होता तिथेच ठेवला आहे.

सुनिता

———

जव्हार
१९ जानेवारी २०२५

सपनाच्या बाबांना,

तुमचं कार्ड आलं नाही. रोज दुपारी शाळेतून घरी फोन करून सपनाला विचारायचे, काही आलं का. ती नाही म्हणायची. मग तिने फोन उचलणं बंद केलं.

दुपारी सपना घरी कशी, असं तुम्हाला वाटेल. पहिल्या पत्रात मी ती बरी आहे असं लिहिलं ते खरं नव्हतं. गणपतीच्या आधीपासूनच ती शाळेत जात नव्हती. वर्गात कोणीतरी म्हणालं, हिच्या बाबाने म्हातारी मारली. ती घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि अंथरुणात शिरली. आता मी तिला पंकजच्या बायकोकडे हर्षदाकडे अभ्यासाला पाठवते. दहावीची परीक्षा बाहेरून देईल. तुमच्यासारखी चित्रं काढते, रस्त्याची, घराची, आडवे छेद. खाली काय आहे ते दाखवणारी. काढते आणि फाडते.

चौकशीचा अहवाल आला. मला कार्यालयात बोलावून वाचायला दिला. त्यात लिहिलं आहे, झिरपणाऱ्या रस्त्यामुळे जमिनीत पाणी साठलं आणि त्या दाबाने भिंत खचली. अशी पद्धत या भागातल्या पावसाला योग्य नाही. पावसाळ्याआधी ती फरसबंदी काढून काँक्रीट करावं. वळणावरच्या मातीचा उल्लेख नाही. नळ्यांचा नाही. तुमचं नाव दोनदा आहे, एकदा चुकीचं लिहिलेलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी पिशवीत मी तो तुकडा नेला होता. तुमच्या उत्तराची वाट बघून कंटाळले होते, आणि सपनाकडे बघवत नव्हतं. मनाशी ठरवलं होतं, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, हे बघा.

बाहेरच्या बाकावर देवजी बसला होता. त्याला आईच्या मृत्यूचा कुठलासा दाखला हवा होता, म्हणून बोलावलं होतं. दाढी वाढलेली, चपला बाकाखाली काढून ठेवलेल्या, देवळात बसावं तसा. मला पाहून तो सरकला. जागा करून दिली. एवढ्या महिन्यांत त्याने माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट.

मी त्याच्या शेजारी बसले. पिशवी मांडीवर. आमच्यात वीतभर अंतर होतं आणि पिशवीत ते. तो समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "वहिनी, आईचं वय काय लिहायचं ते मला ठाऊक नाय. तुमी शाळेच्या, तुमी अंदाजाने सांगा."

मी म्हटलं, "सत्तर लिही."

"सत्तर लय होतं का?"

"नाही. बरोबर असेल."

मग मला आत बोलावलं. मी अहवाल वाचला, सही केली आणि बाहेर आले. पिशवी उघडली नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी तुमचं उत्तर काय असतं ते मला कळतं. तेच मी दिलं. पण घरी आल्यावर सपनाने विचारलं, "काय झालं?" आणि मला तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. हे तुमच्या बाजूने उभं राहणं मला एकटीला करावं लागतंय आणि त्याची किंमत ती देते आहे. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

थंडी आहे. तुमची कानटोपी इथेच राहिली. पार्सल करू का?

सुनिता

———

जव्हार
८ मे २०२५

सपनाच्या बाबांना,

रस्ता काल उखडला.

सकाळी जेसीबी आला. सुट्टी लागली आहे म्हणून मी घरीच होते. आळीतली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. विहीर एप्रिलमध्येच आटली, त्यामुळे टँकरही त्याच वेळी आलेला, बायका हंडे घेऊन जेसीबीच्या बाजूने जा-ये करत होत्या. ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू जात नव्हतं, आवाजच एवढा होता.

वरचे ब्लॉक निघाले. फटींमधली माती वाळून विटेसारखी झाली होती, ब्लॉक एकेक न निघता पत्र्यासारखे एकदम उचलले जात होते. काही जणांनी आपापल्या दारासमोर फटीत सिमेंटही भरलेलं निघालं, खडी चपलेत जाते म्हणून. आणि त्याच्याखाली, अहो, खडी तुम्ही टाकली तशी होती. स्वच्छ. मातीचा डाग नाही. वर दोन बोटांचा लाल थर आणि खाली धुतल्यासारखा दगड. गेल्या पावसाळ्याचं गढूळ पाणी त्या थराच्या खाली उतरलंच नाही, हे कोणालाही दिसत होतं. ज्यांनी अहवाल लिहिला ते कोणी नव्हते. जेसीबीवाला होता, तो परप्रांतातला पोरगा, त्याने फावडं भरून ती खडी ट्रकमध्ये टाकली. चांगली खडी आहे, म्हणाला, कुठेतरी वापरता येईल.

देवजी नाक्यावरून गाडी घेऊन येत होता. रस्ता बंद म्हणून थांबला, उतरला. खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. खाली वाकून त्याने एक दगड उचलला, उलटासुलटा केला, बोटाने पुसला. बोट बघितलं. पॅसेंजर जीपमध्ये बसून ओरडत होते, त्याला ऐकू गेलं नाही. मग तो वळणापर्यंत चालत गेला, जिथे भिंत होती तिथे, आणि वरच्या डोंगराकडे बघत राहिला.

दुपारी तो आपल्याकडे आला. आत नाही आला, उंबऱ्यावर टेकला. मी पाणी दिलं. त्याने ते प्यायलं नाही, हातात धरून बसला.

"वहिनी, रस्त्यात पाणी गेलंच नव्हतं."

"नाही."

"मंग ते सगळं भिंतीमागं गेलं."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"तिथनं निघायला नळ्या होत्या. चार." त्याने पेला खाली ठेवला. "त्या मी बुजवल्या होत्या. आईचं जुनं लुगडं फाडलं, आत घातलं, वर सिमेंट मारलं. आई म्हणली, आता बरं वाटतंय."

"मला माहीत आहे, देवजी."

तो माझ्याकडे वळला. "कधीपासनं?"

"दिवाळीपासून."

"आणि उमेशभाऊला?"

"त्याच दिवसापासून."

तो रडला नाही. मला वाटलं होतं रडेल. तो म्हणाला, "मी तुमाला जीपमध्ये बसू देत नव्हतो." हेच त्याने परत एकदा म्हटलं. मग विचारलं, "ते निघालेलं काय हाय का?" लपवण्यात अर्थ नव्हता. मी माळ्यावरून तुकडा काढून दिला. त्याने कापडाचं टोक बोटांनी चाचपलं. ओढून काढायचा प्रयत्न केला, सिमेंटमध्ये घट्ट होतं, निघालं नाही. तुकडा खाकी शर्टात घालून तो गेला. तुम्ही धरला होता तसाच, पोटाशी.

आज सकाळी तो तुकडा घेऊन देवजी कार्यालयात गेला होता. मी सांगितलं नव्हतं, थांबवलंही नाही. साहेबांसमोर ठेवला आणि म्हणाला, माझं लिहून घ्या, इंजिनियरचं नाव काढा. त्यांनी सांगितलं, अहवाल वर गेला, फाइल बंद झाली. आणि एकाने त्याला बाहेर बोलावून समजावलं, की हे बोलत फिरू नको, तुझ्यावरच गुन्हा लागेल, बायकोमुलांचं बघ. काँक्रीटचं काम उद्यापासून आहे. ते कोणासाठी थांबत नाही.

गौरा संध्याकाळी आली होती. दारातून म्हणाली, "ते जेवत नायत."  मला जे सोसणार नाही असं वाटलं होतं ते त्याला आता रोज सोसायचं आहे. मी गप्प राहून फक्त सहा-सात महिने लांबवलं.

पण आता लपवायचं काही उरलेलं नाही. ज्याच्यासाठी तुम्ही गेलात त्यालाच सगळं कळलं. आळीतही कळेल, देवजी सगळ्यांना सांगणार म्हणतो. म्हणून विचारते, आता परत यायला काय हरकत आहे? नोकरी मिळेल न मिळेल, माझा पगार आहे. पावसाआधी या. सपनाचा निकाल लागायचा आहे.

मी हे पहिल्यांदा लिहिते आहे. आधीच्या तीनही पत्रांत ‘या’ असं लिहिलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सुनिता

———

जव्हार
२४ जून २०२५

सपनाच्या बाबांना,

देवजी परवा तुमच्याकडे येऊन गेला. मला न विचारता निघाला होता, खानवेलच्या पुढे गेल्यावर फोन केला, "वहिनी, भाऊला घेऊनच येतो, सैपाक करून ठेवा." मी केला. उडदाची आमटी केली, भात टाकला. सपनाने केस धुतले. 

संध्याकाळी जीप नाक्यावर थांबली. काँक्रीट झाल्यापासून आळीत पाणी एवढं जोरात येतं, की गाडी खाली आणता येत नाही. तो गुडघाभर पाण्यातून एकटा चालत आला. गौराच्या दाराला आता फळी लावलेली असते, तरी पाणी आत जातं. आपल्याकडेही पहिल्या पायरीपर्यंत येतं. वरची आळी, नाका, आमची आळी, सगळं एका घसरगुंडीसारखं झालंय. पाणी येतं आणि दरीत जातं. विहिरीचं मी दोनदा बघितलं. एवढ्या पावसात तळाला डबकं आहे.

देवजी ओला तसाच उंबऱ्यावर बसला. मी टॉवेल दिला. सपना आतल्या दारात उभी होती.

मी विचारलं, "भेटले का?"

"भेटले. चहा पाजला. मी सगळं सांगितलं. पाय धरले तर उठवलं मला."

"काय म्हणाले?"

तो सपनाकडे बघून थांबला. ती म्हणाली, "सांग ना काका."

मग त्याने तुमचं बोलणं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "देवजी, नळ्या तू बुजवल्यास. पण पावसाआधी भिंत बघायचं काम माझं होतं. मी रोज खराटा घेऊन रस्ता झाडत बसलो. माझ्या रस्त्याला काही होऊ नये म्हणून. तुझ्या घरामागे भिंतीपाशी एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर सिमेंट दिसलं असतं. पाच मिनिटांत काढलं असतं." आणि म्हणालात, त्या आळीतून आता मला चालता येणार नाही.

असंच ना? तो शब्द बदलत नाही, म्हणून मी खरं धरते.

मी इतके दिवस समजत होते की तुम्ही देवजीला वाचवायला गेलात. चारही पत्रं मी त्या माणसाला लिहिली. मातीचं उत्तर माझ्याकडे होतं, अहवालाचं होतं, लोकांच्या बोलण्याचं होतं. तुम्ही जे म्हणालात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमची चूक नव्हती असं लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. चूक असेलही. पण असेल तर ती इथे, या घरात बसून भोगता आली असती. आम्ही दोघी तुमच्याबरोबर भोगली असती. देवजीही भोगतोच आहे, पलीकडच्या घरात. हे तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही. दहा महिने मी एकेका ओळीची वाट बघितली आणि ती ओळ त्याच्या तोंडून ऐकली.

देवजी न जेवता निघाला. जाताना म्हणाला, "वहिनी, उद्या सकाळी नाक्यावर थांबतो, जामसरला सोडतो." मी म्हटलं, आता जामसरला जायचं नाही.

ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मी बदली मागून घेतली होती, ती झाली. मोखाड्याजवळची शाळा आहे, दादांच्या घरापासून चालत जाता येतं. सपना तिथेच अकरावीला जाईल. तिला दहावीला फार गुण नाहीत, पण पास झाली. दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खोली सारवून ठेवतो." तुमच्याबद्दल ते आता विचारत नाहीत.

इथल्या घराची किल्ली गौराकडे ठेवली आहे. तुमचे नकाशे पाण्याने खराब होतील म्हणून माळ्यावरून काढून पंकजच्या दुकानात दिले. हवे असतील तर त्याच्याकडून घ्या. कानटोपी मी नेते आहे. मोखाड्याला थंडी जास्त असते, दादांना होईल.

आता ‘या’ असं लिहीत नाही. रागाने नाही. तुम्हाला जमणार नाही ते मागून मला दरवेळी पोस्टाच्या पेटीपाशी उभं राहायचं नाही.

सपना म्हणाली होती, खाली थोडी जागा सोड, मला लिहायचंय. ही जागा तिच्यासाठी सोडली आहे. काल दुपारपासून कागद तिच्या उशाशी होता, बाजूला पेन होतं. आत्ता बघितलं, जागा कोरीच आहे. मी तिला विचारलं नाही. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली, पाऊस थोडा थांबलाय, तेवढ्यात टाकून येते.

सुनिता